माप घेताना: कौलारू खांदा, स्लॅबचा खांदा

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की गिऱ्हाईक दुकानात आलं की मी आधी टेप काढत नाही. ती वळून भिंतीवरचे गळ्यांचे नमुने बघायला लागली की पाठीमागून तिचे खांदे बघून घेते, निम्मं माप तिथंच झालेलं असतं. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की संपादकबाईंनी या महिन्याचं सदर त्यांनाच देऊन टाकलं. पाच पत्रं घेतली आहेत. वजन कमी कसं करायचं हे विचारणारी बाजूला ठेवली, कारण ते माझ्या कात्रीचं काम नाही.

ताई, माझ्या भाचीने मोबाइलवर माझी एक चाचणी घेतली. शरीराच्या नैसर्गिक रेषांवरून तुमचा प्रकार सांगतात, 'किबी पद्धत' म्हणे. तीन वेळा केली, तीन वेगळी उत्तरं आली. शेवटच्या उत्तराप्रमाणे मी ताठ, सरळ पडणारे कपडे घालायचेच नाहीत. माझं अर्धं कपाट खळ घातलेल्या सुती साड्यांचं आहे. त्या देऊन टाकू का? उंची 5 फूट 3 इंच, वजन 64 किलो. (एक वाचक, चिंचवड)

साड्या कुणाला देऊ नका. देणारच असाल तर आधी मला कळवा.

डेव्हिड किबी हा न्यूयॉर्कचा स्टायलिस्ट. त्याने 1987 साली ही मांडणी केली. एका टोकाला लांब, सरळ, टोकदार हाडापेराची माणसं, दुसऱ्या टोकाला बुटकी, गोलसर, मऊ अंगाची. त्यांना त्याने यांग आणि यिन हे चिनी शब्द लावले आणि मधल्या छटा धरून तेरा प्रकार पाडले. मला त्यातलं एक मनापासून पटतं. तो हाडांपासून सुरुवात करतो. तुम्ही 64 किलोच्या आहात की 54 च्या, याने तुमचा खांदा बदलत नाही. त्यामानाने ते पेरू, सफरचंद, नासपतीचे प्रकार बघा! बाईचं अंग म्हणजे काय मंडईतला गाळा आहे?

पण त्याच्या डोळ्यांपुढे जॅकेट होतं, स्कर्ट होता. साडी हे न शिवलेलं कापड, ते प्रत्येकीच्या अंगावर रोज नव्याने आकार घेतं. म्हणून त्याचं 'हे घालू नका' आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही.

तीन उत्तरं का आली ते सांगते. 'तुमचे खांदे अरुंद आहेत की टोकदार' असं विचारलं की आपण आरशात बघून आपल्याला कुणीतरी लहानपणी जे म्हटलं होतं तेच लिहितो. माझी आई मला 'आडव्या अंगाची' म्हणायची. वयाच्या तिसाव्या वर्षी मी स्वतःचं माप नीट घेतलं तेव्हा कळलं, खांदा साडेतेरा इंच. आडवं काहीच नव्हतं, मान आखूड होती इतकंच. दुसरी गोष्ट फोटोची. हात लांब करून वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. अशा फोटोवरून मीही तुमचं माप सांगू शकणार नाही.

घरी असं करा. केस वर बांधा, अंगाला बसेल असा बनियन आणि लेगिंग घाला. फोन कमरेच्या उंचीच्या स्टुलावर उभा करा आणि आठ-दहा फूट लांब उभ्या राहा. टायमर लावून एक फोटो समोरून, एक पाठीमागून. पोट आत ओढू नका, कुणी बघत नाहीये. आता पाठीमागच्या फोटोत मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत बोट फिरवा. बोट घसरत खाली येतं की सरळ जातं? माझ्या दुकानातल्या मुली याला 'कौलारू' आणि 'स्लॅब' म्हणतात. गिऱ्हाइकासमोर 'स्लॅब आहे गं' असं कुजबुजल्या की मी डोळे वटारते, पण शब्द चोख आहे.

या एका गोष्टीचा धडा मी फार महागात शिकले. मी दुकान काढलं 1993 साली. दुसऱ्याच वर्षी 'हम आपके हैं कौन'मधली माधुरी दीक्षितची ती जांभळी साडी आली आणि कोल्हापुरात जी ती तसाच मागे मोकळा ब्लाउज मागायला लागली. माझ्याही हाताला तेव्हा उत्साह फार. एकच कागदी कटिंग काढलं आणि छातीच्या मापाप्रमाणे लहानमोठं करत गेले. त्यातला एक ब्लाउज माझ्या सख्ख्या नणंदेचा होता, तिच्या दिराच्या लग्नासाठी. तिचा खांदा पक्का कौलारू. सीमांतपूजनापासून अक्षतांपर्यंत बिचारी एका हाताने ताट आणि दुसऱ्या हाताने खांदा सावरत होती. प्रत्येक फोटोत तिचा उजवा हात डाव्या खांद्यावर आहे. अल्बम अजून घरात आहे आणि दर दिवाळीला निघतो.

चूक इतकीच होती: नेहमीच्या कटिंगला मी खांद्याला अर्धा-पाऊण इंच उतार देते. तिला सव्वा इंच द्यायला हवा होता, गळा मानेजवळ अर्धा इंच आत घ्यायला हवा होता आणि मागे नाडी. तोच मोकळ्या पाठीचा ब्लाउज तिलाही बसला असता. 'तुझ्या अंगाला ही फॅशन नाही' असं मी तेव्हा तिला म्हटलं, ते मात्र खोटं होतं. फॅशन होती, माझं कटिंग नव्हतं.

आता तुमच्या साड्या. खांद्यावर आधी खळ घातलेला सुती दुपट्टा सोडा, मग जॉर्जेटचा. खांद्यापासून कोपरापर्यंत कापड काय करतं ते बघा. स्लॅबच्या खांद्यावरून ताठ कापड सरळ खाली उतरतं, जणू अंगाचीच रेघ पुढे ओढली. कौलारू, गोलसर अंगावर ते मध्येच सुटून उभं राहतं आणि बाईभोवती खोकं तयार होतं. बाईची गोलाई आत, खोकं बाहेर. मग बघणाऱ्याला खोकंच दिसतं. तुमच्या चाचणीला बहुधा हेच म्हणायचं होतं. पण त्यावर उपाय साडी देऊन टाकणं हा नव्हे. खळ पातळ करा. कांजीची खळ असेल तर पाणी दुप्पट घाला. साडी अर्धवट ओली असताना दोघींनी ताणून घडी घाला आणि इस्त्री हलकी फिरवा. खळ अगदीच न घालता दोन धुण्यांत तीच साडी अंगावर उतरायला लागते. इरकल तर जितकी जुनी तितकी चांगली पडते. माझ्याकडे सासूबाईंची एक आहे, ती आता मलमलीसारखी झाली आहे.

फोटोत खांदा स्लॅबचा निघाला तर चाचणीच्या नावाने चांगभलं म्हणा आणि खळ वाढवा.

काकू, मी 22 वर्षांची आहे, शाळेपासून पोहते. खांदे रुंद आहेत, दादा 'पैलवान' म्हणून चिडवतो. पुढच्या महिन्यात मैत्रिणीचं लग्न आहे. खांदे लहान दिसतील असं काय घालू? (एक वाचक, नागपूर)

कोल्हापूरच्या बाईला 'पैलवान' ही शिवी म्हणून सांगतेस? आमच्याकडे तालमीतल्या पोरांना दूध फुकट मिळतं.

बरं, खांदे लपवायचे कपडे विचारलेस, तर आधी हे ऐक. साडी खांद्यावर टिकते. तुझ्यासारख्या खांद्यावरून पदर घसरत नाही, पिन न लावता दिवसभर राहतो. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना यासाठी सेफ्टी पिनांचं पाकीट लागतं. तेव्हा जे लपवायला निघालीस ते साडी नेसवणाऱ्याच्या दृष्टीने सोनं आहे.

आता काय टाळायचं. फुगा बाही नको. तिथं आधीच हाड आहे, त्यावर चुण्यांचा फुगा म्हणजे माळ्यावर अजून एक माळा. बोट नेकही नको, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढतो आणि नजर त्या रेघेवरून चालत जाते. पानाचा किंवा व्ही आकाराचा गळा घे, साडेसहा-सात इंच खोल, म्हणजे नजर मधे खाली येईल. बाही कोपरापर्यंत, अंगालगत, टोकाला काठ बारीक. बाहीच्या जोडाची शिलाई बरोब्बर हाडाच्या टोकावर आली पाहिजे. ती अर्धा इंच खाली दंडावर उतरली की खांदा खरंच पैलवानाचा दिसतो, आणि दोष तुझ्या अंगाला मिळतो. पोहणाऱ्या मुलींच्या पाठीचं माप मी हात पुढे घेऊन, मिठी मारल्यासारखे धरायला लावून परत एकदा घेते. नाहीतर वरमाला घालायला हात वर केला की मुंढ्यात टर्रकन आवाज येतो. तुझ्या शिंप्यालाही तसंच सांग.

पदराच्या निऱ्या बारीक, चार-पाच बोटांच्या, आणि मानेकडे सरकवून लाव. खांद्याच्या टोकावर मोकळा सोडलेला पदर रुंदी वाढवतो. साडी कोणतीही चालेल, पण एकदा चंदेरी नेसून बघ. हलकी असते, तरी रेघ सोडत नाही.

दादाला माझा नमस्कार सांग आणि त्याच्या शर्टाचा खांदा मोजून कळव.

कुर्ता किती लांब घालावा? मैत्रीण म्हणते गुडघ्यापर्यंतच. (एक वाचक, ठाणे)

मैत्रिणीचे पाय कसे आहेत ते मला माहीत नाही, तुमचेही नाहीत. मांडीचा किंवा पोटरीचा सगळ्यात जाड भाग असेल तिथं कुर्ता संपवू नका, दोन इंच वर किंवा दोन इंच खाली. आरशासमोर ओढणी आडवी धरून खालीवर करा, जागा लगेच कळते. बाजूचा कट कुठून सुरू होतो हेही बघा. तो कमरेजवळून सुरू केला तर बसल्यावर लेगिंगचा नेफा दिसतो. बाकी लांबी आवडीची.

ताई, मी लग्न होऊन न्यू जर्सीत आले. सासूबाईंनी त्यांची पैठणी दिली आहे, काठ चांगला सात-आठ इंचाचा, पदर भरगच्च. माझी उंची 5 फूट. नेसले की साडीच चालत आली असं दिसतं. इथे एक जण कापून लेहंगा करून देईन म्हणतो. गणपतीत नेसायची आहे. (एक वाचक, न्यू जर्सी)

त्या माणसाच्या हातात कात्री असताना पैठणी त्याच्या घरी नेऊ नका.

तुमची अडचण अंगाची नाही, पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची आहे. साडीचा पन्हा 45-46 इंच. पाच फुटी बाईचं बेंबीपासून जमिनीपर्यंतचं माप माझ्या टेपवर साधारण 36 इंच येतं. दोन इंच टाचेची चप्पल धरली तरी 38. राहिलेलं सात-आठ इंच कापड कुठे जातं? परकरात. तेही जरीच्या साडीचं, आणि निऱ्यांच्या जागी बारा-चौदा थरांचं. मग पोट पुढे येतं, कंबर नाहीशी होते, आणि बाई म्हणते, मी बुटकी म्हणून शोभत नाही.

म्हणून असं करा. परकर बेंबीच्या दोन बोटं वर बांधा, खाली नको. घेरदार परकर घालू नका, सरळ पडणारा घ्या. नाडीच्या परकरापेक्षा रुंद इलास्टिकचा बरा, नाडीची गाठ निऱ्यांच्या खाली उंचवटा करते. निऱ्या सात-आठ न घेता पाचच घ्या, पण रुंद. वितीपेक्षा थोड्या कमी. खोचताना सगळा गठ्ठा एकदम कोंबायचा नाही. वरची कड आत दुमडून, दोन्ही हातांनी सपाट पसरवत खोचा, निम्मा डावीकडे. दुसऱ्या कुणाला खाली बसून निऱ्या ओढायला सांगा. हे काम एकटीने होत नाही, आणि नवरे शिकतात.

निऱ्यांतून वाचलेलं कापड पदरात जाऊ द्या. तुमच्या गुडघ्याच्या मागे उतरेल इतका पदर लांब काढा. तो खांद्यावर बारीक घड्या घालून घ्या, काठ सगळ्यात वर. मग तोच सात इंची काठ, जो खाली आडवा पडून तुम्हाला कापत होता, खांद्यापासून खाली उभा दिसायला लागतो. पदरावरचे मोर पाठीमागे येतात ते येऊ द्या. फोटो काढणाऱ्याला मागून काढायला सांगा.

ब्लाउजच्या बाबतीत सासूबाईंचं ऐकू नका, माझं ऐका. साडीच्या अंगाच्या रंगाचा घ्या, काठाच्या रंगाचा नको. जांभळ्या अंगाला हिरवा ब्लाउज उठून दिसतो हे खरं. पण पाच फुटांत आधीच खाली काठाचा एक तुकडा पडलेला असतो, वर ब्लाउजचा दुसरा कशाला? बाहीला काठ लावायचाच असेल तर तीन बोटांवर थांबा. आणि नथ घाला, बिनधास्त. बुटक्या बायकांनी बारीक दागिने घालावेत असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. दागिना चेहरा बघून घालायचा असतो, उंची बघून नव्हे.

जाता जाता: गणपती झाल्यावर पैठणी सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घड्या मोडून वेगळ्या जागी घाला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की जरीची तार तिथेच तुटते. सासूबाईंची पैठणी तुमच्यापर्यंत आली, म्हणजे त्यांनी हे केलं असणार.

बाई, सदर बायकांचं आहे, पण आमच्याकडे मासिक मीच आधी वाचतो. वय 58. पोट आहे, मान आखूड आहे. डिसेंबरात मुलाचं लग्न. कुर्ता आणि वर जाकीट शिवायचं आहे. मागच्या वेळी मुलीच्या लग्नात कुर्ता पुढून वर चढत होता, फोटोत मागून लांब आणि पुढून आखूड. शिंपी म्हणाला, पोट कमी करा. (एक वाचक, सातारा)

भाऊ, मासिक आधी कोण वाचतं हे घरातल्यांना कळू देऊ नका. आणि खांदे पुरुषांनाही असतात.

त्या शिंप्याने तुमची लांबी पाठीवरून घेतली, पुढून घेतलीच नाही. मानेपासून सरळ खाली टेप सोडला की तो पोटावरून जात नाही, पोटासमोरून जातो. कापडाला मात्र पोट ओलांडून जावं लागतं. त्याला लागणारा इंच-दीड इंच त्याने दिला नाही, म्हणून कुर्ता वर चढला. आता सांगा की मानेपासून पोटावर टेप चिकटवून माप घे, पुढचा भाग मागच्यापेक्षा तेवढा जास्त काप, आणि खालची कड अंगावर घालून सरळ कर. कुर्ता वेगवेगळ्या लांबीचा कापला की जमिनीवर पसरल्यावर वाकडा दिसतो. त्यामुळे घरी कुणी पसरून बघितला तर 'चुकलंय' म्हणतील. म्हणू द्या.

मान आखूड असेल तर उभी पट्टी पाऊण ते एक इंच. दीड इंची ताठ पट्टी हनुवटीला टोचते आणि माणूस सगळ्या लग्नभर रुसल्यासारखा दिसतो. जाकिटाची खालची कड पोटाच्या सगळ्यात पुढे आलेल्या जागी अडकली तर ते छत्रीसारखं उघडतं. ती पोट ओलांडून चार बोटं खाली गेली पाहिजे. कापड जाड, चकचकीत ब्रोकेड नको. सुती रेशमाचं, एका रंगाचं, पडणारं घ्या. कुर्ता आणि जाकीट एकाच कुळीतल्या रंगाचे ठेवा. पांढऱ्या कुर्त्यावर गडद जाकीट घातलं की पोटाभोवती चौकट काढल्यासारखं होतं.

जाकिटाची बटणं बसल्यावरही लागली पाहिजेत. लागत नसतील तर बाजूच्या शिलाईतला दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायला सांगा. आजकाल दाब ठेवतच नाहीत, म्हणून शिवायला टाकतानाच 'एक इंच दाब ठेव' असं बजावा.

कपडे दिवाळीच्या आधी टाका, नाहीतर लग्नसराईत शिंपी तुम्हाला उद्या-परवावर झुलवेल. आणि ट्रायलला जेवून जा. उपाशीपोटी दिलेलं माप पहिल्या पंगतीनंतर लागत नाही.